ताईंच्या खणातल्या पाच किल्ल्या

डिजिटल चलन चालवणाऱ्या त्या ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘या चलनाला मालक नाही.’ ज्यांनी ते लिहून घेतलं, त्यांना सगळं ऑफिस पाठीमागे मालकच म्हणायचं. चोरी झाली तर चोराचं खातं गोठवता यावं, म्हणून पाच जणांना अंगठ्याएवढ्या पाच डिजिटल किल्ल्या दिल्या होत्या. तीन लागल्या तरच खातं गोठायचं. कारभार एकहाती नको, म्हणून ही सारी उठाठेव. पण किल्ली सांभाळायचा सगळ्यांनाच कंटाळा. कुणी रजेवर निघालं, कुणाची एकदा हरवून सापडली, आणि वर्षभरात पाचही किल्ल्या, वर पिनच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंच्या खणात येऊन पडल्या. ताईंची स्वतःचीही त्यातच.

त्या दुपारी ताईंच्या थोरल्या भावाचा फोन आला. कुणा भामट्यानं गोड बोलून त्याचा पासवर्ड काढून घेतला होता. वर्कशॉप विकून आलेले सगळे पैसे त्यानं याच चलनात ठेवले होते; त्यातले निम्मे चोराच्या खात्यात पडले होते आणि नियमाप्रमाणे चार वाजता तो ते बाहेर काढू शकणार होता. साडेतीन वाजले होते.

मालकांनी लगेच होकार दिला. ताईंचा होताच. तिसरे, कॉलेजात शिकवणारे सर, फोनवर म्हणाले, “ताई, वाईट वाटतं हो. पण पासवर्ड त्यांनी स्वतःच दिलाय. चूक नेटवर्कची असेल तरच गोठवायचं, असं ठरलंय आपलं. आज तुमचा भाऊ, उद्या कुणाचा वशिला? माझा नकार.” उरलेले दोन प्रोग्रॅमर विमानात होते.

मालकांनी खणाकडे बोट दाखवलं. “त्यांच्या किल्ल्या आहेत की! लावा एक. कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल ना.”

“अहो, घरचं माणूस आहे! नियम काय चाटायचेत?”

“घरचं आहे म्हणूनच हात आखडतेय. मी एकटीनं लावली, तर भिंतीवरचं पुसा आणि मालक म्हणून माझं नाव लिहा.”

ताईंनी खणाला कुलूप घातलं आणि खुर्चीत घट्ट बसून राहिल्या. चार वाजले. पैसे गेले. ताईंचे डोळे भरून आले, पण पश्चात्ताप म्हणाल तर तसूभरही नाही.

त्यांनीच भावाला फोन लावला. “दादा, गेले पैसे. थांबवणं माझ्या हातात होतं. मी थांबवलं नाही.” मग सगळं सांगितलं, खणासकट.

दादानं आधी खणाचंच विचारलं.

“म्हणजे तुझ्या मनात आलं, तर कुणाच्याही खात्याला हात घालू शकतेस?”

“आजपर्यंत घालू शकत होते. उद्या ज्याची किल्ली त्याच्या हातात देणार. नाही घेतली, तर मी राजीनामा देणार.”

“माझ्याऐवजी तुमच्या मालकांचे पैसे असते तर?”

“तरी हेच केलं असतं.”

दादानं मोठा उसासा टाकला.

“बरं,” तो म्हणाला, “मग उरलेले निम्मे तिथेच राहू देत.”