कंटेनरची ओटी

शुभमनं सीलचा खिळा कडीत घातला होता. वरून नुसता ठोसा द्यायचा बाकी होता, तेवढ्यात केळी भरायची शेड सांभाळणाऱ्या रागिणीनं पुढं होऊन त्याचं मनगट धरलं.

"थांबा. लावू नका."

हा खिळा एकदा बसला की कापल्याशिवाय निघत नाही, आणि कापला की बंदरापर्यंतचे सगळे कागद नव्यानं करावे लागतात. म्हणून तर शुभम हात पुसून, मनात देवाचं नाव घेऊन उभा होता. पुढं ट्रेलरमध्ये ओमप्रकाश ड्रायव्हर निघायच्या तयारीत बसलेला. कंटेनरचं थंडीचं मशीन संथ घरघरत होतं. आत हिरवीगार केळी छपरापर्यंत रचलेली होती. आजवर गावची केळी व्यापाऱ्याच्या नावानं जायची. हा कंटेनर गावाच्या स्वतःच्या नावानं दुबईला जाणारा पहिला. तिकडे दार उघडल्यावर माल हिरवा निघाला तर दुसरा मागवणार होते; पिवळा निघाला तर पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात उभं राहायचं होतं.

"आता काय झालं?" शुभमनं विचारलं.

झालं होतं ते एवढंच, की केळी धुणारी रुख्मिणी नळावर हात धुता धुता कौतुकानं बोलून गेली होती. सकाळी पहिलं खोकं आत जायच्या आधी आजीनं कंटेनरची ओटी भरली म्हणे. पार आतल्या भिंतीशी, खाली. खण, नारळ, तांदूळ आणि पाच केळी.

आजी म्हणजे रागिणीची सासू, पार्बताबाई. ती शेडच्या सावलीत रागिणीच्या दीड वर्षाच्या चिमीला मांडीवर घेऊन बसली होती. रागिणी तिच्यापुढं उकिडवी बसली.

"आई, ओटीत केळी कशी ठेवली तुमी?"

"कशी म्हंजे? पिकले. ओटीत कच्चे केये ठेवते काय कोनी?"

रागिणीनं डोळे मिटून घेतले. एक केळं पिकलं की ते आसपासच्यांना खबर देतं, हे तिनं बायांना सांगून सांगून पाठ करून घेतलं होतं. त्याचा वायू नुसता लागला तरी कच्ची केळी पिकायला लागतात. शेडमध्ये पिकलं केळं आणायचं नाही, असा तिचा नियम. चिमीलासुद्धा ती दूरच्या बाभळीखाली नेऊन केळं भरवायची. पार्बताबाई त्याला हसायची. केळीच्या बागेत जन्मलेल्या पोरीला चोरून केळं चारतात, म्हणायची. आणि आता ती पाच केळी नेमकी जिथून थंड वारा निघतो तिथं ठेवलेली. तो वारा एकही खोकं सोडणार नव्हता.

"काढावी लागतील, आई."

पार्बताबाईनं आधी तिच्याकडे, मग कंटेनरकडे पाहिलं. तिला तीन मुलगेच. लेकीची ओटी भरून तिला वाटेला लावायचा योग काही तिच्या वाट्याला आला नव्हता.

"पोर समुद्रापार चालली, म्हून भरली म्या. भरल्ली ओटी काहाडून घेतेत काय वं? असं कोनी केल्लं आयकलं नाई."

चिमीच्या टाळूवरून हात फिरवून रागिणी उठली.

शुभम पटत नसल्यासारखा उभा होता. सगळा माल पुन्हा बाहेर काढायचा म्हणजे जहाजाची वेळ चुकायची. ओमप्रकाशही खाली उतरून आला आणि, भाभी, बंदराचं गेट कुणासाठी थांबत नसतं, असं समजावून गेला.

"अवं, पाच केळ्यानं काय होईन?" शुभम म्हणाला. "एवढी थंडी हाये आत."

"काईच नाई होईन कदाचित. पन झालं तं तिकडे दार उघडतीन तवा आपुन तिथं नसू."

तिनं केसांवर जाळीची टोपी चढवली. सगळा माल काढायची गरज नव्हती. मधली एक रांग तेवढी काढायची, माणूस आडवा होऊन जाईल एवढी गल्ली करायची. निघालेलं खोकं उन्हात न ठेवता थेट समोरच्या थंड खोलीत न्यायचं. तिनं बायांना हे सांगितलं तेव्हा कुणी ॲप्रन सोडलेला, कुणी डबा उघडलेला. कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. रुख्मिणी मात्र मान खाली घालून सगळ्यात आधी उभी राहिली.

"वेशीपर्यंत गेल्ली नवरी वापस आनली म्हना," दुर्गाबाई कमरेला हात लावून म्हणाली. "आता गाव हासन."

बाया खरंच हसल्या, आणि हसता हसता रांगेत लागल्या.

रागिणी सगळ्यात पुढं. दोन्हीकडे खोक्यांच्या भिंती, पाय ठेवायला खालच्या लोखंडी पट्ट्या. ती खोकं उचलून मागं द्यायची, मागची तिच्या मागचीला. बाहेर ऊन, आत गार; घाम फुटायचा आणि अंगावरच थंड व्हायचा. चिमीला पाजून बराच वेळ झाला होता. छाती जड झालेली, कुडता ओला. ती थांबली नाही.

एकदा खोकं मागं दिलं आणि ते भलत्याच हातांनी घेतलं. हिरव्या बांगड्या, बोटांवर हळद. रागिणीनं वळून पाहिलं. पार्बताबाईनं पदर खोचला होता, अंबाड्यावर जाळीची टोपी कशीबशी बसवली होती.

"चिमी?"

"ड्रायवरपाशी हाये. गाडी चालवून राह्यली. पाह्यतं काय, दे."

रागिणीनं पुढचं खोकं दिलं.

शेवटचं खोकं निघालं तेव्हा आधी वास आला. गोड, ओळखीचा, घरातला. हिरवा खण, त्यावर नारळ, तांदळाची छोटी रास, आणि पाच केळी, सालीवर काळे ठिपके आलेली. रागिणीनं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. इतका वेळ तिला हेच हवं होतं, आता उचलवेना.

"आई," तिनं हाक मारली.

पार्बताबाई त्या गल्लीतून आडवी होत आत आली, गुडघ्यावर हात टेकून खाली बसली. मग मान वर न करता म्हणाली,

"पदर पुढं कर."

रागिणीच्या अंगावर पदर नव्हता. ओढणीसुद्धा नियमाप्रमाणे खुंटीला होती. तिनं प्लॅस्टिकच्या ॲप्रनची दोन टोकं धरून पुढं केली. पार्बताबाईनं त्यात खण ठेवला, नारळ ठेवला. पट्ट्यांच्या खाचांत सांडलेले तांदूळ बोटानं टिपून टिपून गोळा केले, ते घातले. वर केळी ठेवली. मग कनवटीच्या पुडीतलं कुंकू चिमटीत घेऊन टोपीची कड वर सारली आणि रागिणीच्या कपाळाला लावलं.

रागिणीची आई तिच्या लग्नाआधीच गेलेली. नांदगाव खंडेश्वरहून निघताना तिची ओटी काकूनं घाईत भरली होती, गाडी सुटेल म्हणून.

भरल्या ओटीनं निघणारी लेक चार दाणे माहेरी ठेवून जाते. रागिणीनं ॲप्रनमधले चार दाणे उचलले आणि सासूच्या तळहातावर ठेवले. पार्बताबाईनं मूठ मिटली.

"चाल," ती म्हणाली. "लेकरू भुकेजलं असन."

शुभमनं मशीनची हवेची खिडकी पूर्ण उघडली, आतली हवा बदलू दिली, आणि मगच खोकी परत आत चढली. ओमप्रकाश म्हणाला, चहाला कुठं थांबणार नाही, पोहोचवतोच. शुभमनं या वेळी खिळ्यावर ठोसा मारायच्या आधी रागिणीकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

ट्रेलर अकोटच्या रस्त्याला लागला तेव्हा ती बाभळीखाली होती. चिमी पोटभर पिऊन आता केळ्याला झोंबत होती. ओटीतलं एक केळं सोलून रागिणीनं अर्धं तिला दिलं, अर्धं सासूपुढं धरलं. पार्बताबाईनं ते घेतलं आणि ट्रेलरची धूळ खाली बसेपर्यंत सावकाश खाल्लं.

मग शेडकडे जायला निघाली. दोन पावलं गेली, हातातल्या सालीकडे पाहून थांबली. वळली, आणि साल टाकायला उलट्या दिशेनं, पार शेताच्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत चालत गेली.