एलिसेओने टाइप केलेला कागद

राजधानी मानाग्वात काही सापडेनासं झालं की लोक म्हणतात, भूकंपात गेलं. शहर पडून साडेसहा वर्षं झाली, तरी सगळ्यांचं पाप बिचारा भूकंपच अंगावर घेतोय. एलिसेओनेही तीच थाप मारली.

"साहेब, सत्तेचाळीस सालची ती फाइल भूकंपात गेली."

फाइल त्याच्याच कपाटात होती. परराष्ट्र खात्यातला सगळ्यात जुना टायपिस्ट तो. त्या साली हुकूमशहा असलेल्या थोरल्या जनरलने, जो देश पुढच्या वर्षी जन्मायचा होता त्याच्या माणसांना आपल्या देशाच्या नावावर बंदुका घेऊ दिल्या. त्या परवानगीचा कागद एलिसेओच्या हातचा. आता गादीवर जनरलचा मुलगा होता. त्याला बंदुका द्यायला जगात कुणी राजी नव्हतं, म्हणून त्या देशाला दाखवायला हा जुना उपकार उकरून काढायचा होता. आणि एलिसेओची पोर नुबिया तिकडे मसाया गावात बंडखोरांत. फाइल काढून देणं म्हणजे पोरीवर आपणच बंदूक रोखणं. मेलो तरी देणार नाही, असं त्याने ठरवलं होतं.

गुरुवारी त्या देशाचा पांढऱ्या केसांचा पाहुणा आला आणि त्याने बॅगेतून तोच कागद काढला.

"आमच्याकडची प्रत. जपून ठेवलीय," तो म्हणाला. खाली कोपऱ्यात टायपिस्टची आद्याक्षरं होती. "हा कोण?"

साहेबाने एलिसेओकडे बोट केलं. "हाच. काय हो, भूकंप फक्त तुमच्याच कपाटात झाला वाटतं?"

पाहुण्याने उठून एलिसेओला कडकडून मिठी मारली. डोळ्यांत खरंच पाणी होतं त्याच्या. "तुम्ही नसता तर आम्ही नसतो. बंदुकांच्या पेट्या विमानतळावर आल्यासुद्धा."

पेट्या उतरवून घ्यायला सांगण्यासाठी साहेब फोनकडे पळाला. एलिसेओने एवढं लपवलं, ते सगळं पाण्यात.

"बोला, तुमच्यासाठी काय करू?" पाहुण्याने विचारलं.

एलिसेओने लाज सोडली. "माझ्या पोरीला बाहेर काढा. तेव्हा तुमच्या माणसांना मी आमचे पासपोर्ट टाइप करून दिले, खरं नावसुद्धा विचारलं नाही. मला एकच द्या."

"कुठे असते ती?"

"मसायात."

पाहुण्याने खांद्यावरचा हात काढला, कागद नीट घडी घालून बॅगेत ठेवला.

"एलिसेओ, वाईट वाटतं हो. पण तुमच्या देशाच्या घरगुती भांडणात आम्ही पडत नाही."