उजवी दाढ

दादाची दाढ एकदाची निघाली, याचा सगळ्यात जास्त आनंद धाकट्याला झाला. आठवडाभर थोरल्या भावाचं कण्हणं ऐकून त्याचं डोकं उठलं होतं. दोघांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. दादा काच कापायचा, धाकटा चौकटी ठोकायचा आणि उरलेला वेळ दादाची टर उडवायचा.

अकराच्या सुमारास दादा दातांच्या डॉक्टरकडून थेट दुकानात आला. गालात कापसाचा बोळा, तरी बोलणं स्वच्छ. "आज मला बोलायला लावू नकोस," असं म्हणून तासभर स्वतःच बडबडला. बारानंतर मात्र जीभ जड झाली, शब्द एकमेकांत अडकू लागले, ओठाचा एक कोपरा खाली उतरला.

"इंजेक्शन चढलंय तुला," धाकटा म्हणाला आणि त्याला चेवच आला. एका गिऱ्हाइकासमोर त्याने दादाला मुद्दाम अवघड शब्द म्हणायला लावले. सगळे खो-खो हसले. दादाही हसला, अर्ध्या तोंडाने. पुढे डाव्या हातातून काच निसटून फुटली, तेव्हा धाकट्याने त्याची चांगली खरडपट्टी काढली आणि त्याला खुर्चीत बसवून ठेवलं. दाताची भूल अशी दिवसभर टिकत नसते, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलंच नाही.

साडेपाचला वहिनी थर्मासमधून गार दूध घेऊन आल्या. नवऱ्याकडे बघताच थबकल्या.

"भावजी, दाढ कुठली काढली?"

"उजवी."

"मग तोंड डावीकडे कसं उतरलंय?"

वहिनींनी दादाला दोन्ही हात वर करायला सांगितले. उजवा गेला, डावा मांडीवरच राहिला.

"हा स्ट्रोक आहे. अँब्युलन्स बोलवा, आधी बोलवा!"

ही लक्षणं त्यांना ब्लडप्रेशरच्या डॉक्टरांनी समजावली होती. दादाने गोळ्या बंद केल्यापासून त्या त्याच्या हातापाया पडत होत्या, आणि तो म्हणायचा, मला काय धाड भरलीय?

हॉस्पिटलात मेंदूचा स्कॅन झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"रक्ताची गुठळी अडकलीय. नळी घालून काढता येईल अशा जागी नाही. विरघळवायचं औषध आहे, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. कधी सुरू झालं हे?"

वहिनींनी धाकट्याकडे पाहिलं. दिवसभर दादाजवळ तोच तर होता. मघाशीच, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"उशिरा दिलं तर?"

"मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. जीवही जाईल. खरं काय ते सांगा."

धाकट्याने सांगून टाकलं, "दुपारी. बारानंतर लगेच."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "मग ते औषध आता देता येणार नाही. बाकीचे उपचार करतो आम्ही. हात कितपत सुधारेल, आज सांगता येत नाही." त्या आत गेल्या.

वहिनी आता चार शिव्या घालतील, म्हणून धाकटा मान खाली घालून बसून राहिला. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला.

"काही म्हणाले का हो हे दुपारी?" त्यांनी हळूच विचारलं.

"घरी जाऊ म्हणाला. दोनदा म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, कामचुकारपणा करू नकोस."

वहिनी उठल्या आणि दोन खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसल्या.