आत्याच्या अर्काचा झणका

तापातून उठल्यावर आत्याच्या जिभेने आणि नाकाने संपच पुकारला. साखर काय नि माती काय, सगळं सारखंच. घरात वाढलेल्या भाचीलाही तिने हे कळू दिलं नाही. आल्याचा अर्क हेच तर तिचं काम. शेजारीपाजारी तो खोकल्याला नेत, बेकरीवाला बिस्किटांसाठी. किसलेलं आलं पिळायचं, रस निवळू द्यायचा, पांढरा साका तळाशी बसला की वरचा रस हलक्या हाताने साखरेच्या पाकात सोडायचा. किती सोडायचा ते नाकाला ठाऊक. त्या खेपेला वासच येईना, म्हणून आत्या रस ओततच राहिली.

दुसऱ्याच दिवशी बेकरीवाला दारात हजर.

"आत्या, अर्क दिलात की निखारे? गिऱ्हाइकं पाणी पाणी करतायत! पुन्हा असं झालं तर बाजारातली तयार बाटली आणावी लागेल हो मला."

तो गेल्यावर आत्याने भाचीला जवळ बोलावलं. "संपलं गं माझं," म्हणत तिने सगळं सांगून टाकलं.

"त्यात काय, मी चाखते की!" भाची म्हणाली. पण तिसऱ्या चमच्याला तिचीच जीभ बधिर झाली.

"झालं! आता घरात दोन ठोंब्या," असं म्हणून आत्या हसली, तशी तिला खोकल्याची उबळ आली. भाचीने लगबगीने अर्कात मध कालवून चमचा तिच्या तोंडात घातला.

आत्या एकदम थबकली. चव नाही, वास नाही. पण काहीतरी उबदार घशातून उतरलं, छातीत पसरलं आणि हळूच कानांमागे येऊन बसलं.

"अगं, झणका येतोय! नेहमी इथवरच यायचा. वासाच्या नादात मी कधी लक्षच दिलं नाही."

लगेच नवा पाक चढला. आत्या डोळे मिटून थेंब थेंब चाखू लागली. "घशातच अडला. घाल अजून... थोडा... थांब! आला कानामागे."

भाचीने ओतता हात आवरला. आत्याच्या मुक्या तोंडात कुणी दिवा घेऊन चाललं होतं जणू.

बेकरीवाल्याने नवा अर्क चाखला. "हा खरा! मध्ये काय झालं होतं?"

"जीभ रजेवर गेली."

"आली का परत?"

"छे, पत्ता नाही तिचा."

"मग हे जमलं कसं?"

आत्याने आणखी एक थेंब त्याच्या तळहातावर ठेवला. "चाटा, आणि गप्प उभे राहा."

एरवी एकसारखी बडबड करणारा तो माणूस डोळे मिटून उभा राहिला, आणि हळूच त्याचा हात कानामागे गेला.