तोंडी आवतण

नागूभाऊ लोधिवलीहून परतले. पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आतच पत्नी येसूबाईंनी विचारलं, "बायला आवतन दिलंत ना?"

"दिलं की. अक्षता ठेवल्या, पत्रिका दिली."

"पत्रिकेचं नाय विचारत. तोंडानं सांगितलंत?"

तांब्या हातातच राहिला. बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण गौराबाई. सहा वर्षांपूर्वी मुलाच्या, कमलेशच्या लग्नाचं आवतण तिला नुसतं फोनवरून गेलं. तेव्हापासून तिने भावाचा उंबरा ओलांडला नव्हता. आता मुलीचं, समिधाचं लग्न, घरातलं शेवटचं. या लग्नालाही बाय आली नाही, तर ती पुन्हा कधी येणार?

"तिनं पत्रिका वाचून दाखव म्हटलं. मी सगळी वाचली. त्यात आहेच की, सहकुटुंब सहपरिवार यावं म्हणून."

"ते छापणाऱ्यानं म्हटलंय. तुमी काय म्हटलंत?"

"पण वाचलं मीच ना? माझ्याच तोंडून गेलं."

"पेपरातली चोरीची बातमी वाचलीत, म्हंजे चोरी तुमी केली का?"

नागूभाऊंनी तांब्या खाली ठेवला. कर्जतच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं होतं. माणसांसमोर वाक्य सुरू केलं की ते कुठे संपवायचं हे त्यांना कधीच नीट जमलं नव्हतं. येसूचं खरं असेल. पण भटजीही पोथीतूनच वाचतात आणि लग्न लागतंच. मुख्याध्यापकांनी एक कागद वाचला आणि आपण निवृत्त झालो. मग आपण वाचलं तेव्हा काय झालं? काहीच नाही? आणि बाय तरी काय म्हणाली? "वाचून झालं? बरं," एवढंच. पत्रिका टीव्हीवर ठेवली आणि चहाचं आधण चढवलं. त्या 'बरं'ला काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मिनिडोर रिक्षाने ते पुन्हा चौक गावी उतरले आणि लोधिवली गाठली. गौराबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

"आता काय इसरलास रं?"

"काय नाय. बाय, मी काल तुला... लग्नाचं सांगितलं का?"

तिने वर पाहिलं. "मला इचारतोस? तू आलतास, वाचलंस, चहा पिऊन गेलास."

"म्हंजे सांगितलं ना?"

"शिपाईपण ग्रामसभेची नोटीस वाचतो दारात. मी काय जाते दरखेपेला?"

"समिधाचं लगीन हाय," नागूभाऊ एका दमात म्हणाले, "सगळ्यांनी यायचं. दोन दिस हितं चूल पेटवायची नाय." आणि लगेच त्यांच्या मनात आलं की हे वाक्य तर येसूने निघताना तीनदा घोकून घेतलेलं. म्हणजे हेही वाचल्यासारखंच झालं?

गौराबाई मिरच्या पसरत राहिली.

"हे येसूनं शिकवलेलं," ते गडबडून म्हणाले. "म्हंजे खरंच हाय ते, पण... बाय, मला नाय येत असं बोलायला. मागच्या वेळेला सगळे विचारत होते, बहीण कुठं, बहीण कुठं. मी पंगतीतनं उठून गोठ्यात जाऊन बसलो. तू ये ना. काय म्हणायचं असतं ते मला कळत नाय."

"ल्हानपनापास्नं असाच बावळट," गौराबाई म्हणाली. मग सूप आपटलं. "गाडी कंदी धाडशील?"

"म्हंजे येनार तू?"

"मी तुला काय इचारलं?"

"नऊ वाजता," नागूभाऊ घाईने म्हणाले. "हळदीच्या दिवशी. सकाळी."

"नवाचे धा करू नको मग. उन्हात मला उभं नाय रावत."

चौकच्या नाक्यावर मिनिडोर भरायची वाट बघत त्यांनी कमलेशला फोन लावला. "हळदीला सकाळी तुझी गाडी लोधिवलीला न्यायची."

"बाबा, गाडी फुलवाल्याकडं जाणाराय. आत्या येते म्हणाली का?"

नागूभाऊंनी सगळं बोलणं पुन्हा आठवून पाहिलं, शब्द न शब्द.

"तसं नाय म्हणाली," ते म्हणाले. "पण नऊला पोच. मी बोलून आलोय."