दहा सेकंदांत उठलेलं रोप

वणी रस्त्यालगतच्या फुलशेतीवाल्यांच्या वस्तीवर २००६ साली मांडव पडला. टेबलावर टीव्ही, टीव्हीला हार, समोर दीडशे माणसं. पडद्यावर हिरामण महाराजांनी मान टाकलेल्या झेंडूच्या रोपावर हात धरला, हात बाजूला झाला आणि दहा सेकंदांत रोप ताठ उभं राहिलं. माणसांनी टीव्हीला हात जोडले.

"मेलेलं उठवतो मी, तिथं तुमचा खोकला म्हणजे किस झाड की पत्ती," टीव्हीशेजारी बसलेले महाराज अंगारा वाटत म्हणाले. ज्याला अंगारा लागू पडावा असं वाटतं त्यानं डॉक्टरच्या गोळ्या सोडाव्यात, अशी अटही त्यांनी घातली.

पुढच्या रांगेत फकिरा बसला होता. त्याची बायको नवसाबाई क्षयाच्या गोळ्या तीन महिने घेत होती आणि तिला उतारही पडला होता. उरलेल्या गोळ्या दोघांनी त्याच संध्याकाळी पाटाच्या पाण्यात सोडल्या. चार महिन्यांनी ती गेली.

माझा नाशकात फोटो स्टुडिओ आहे, फकिराची जुनी ओळख. दहाव्याला गेलो तेव्हा हे सगळं कळलं. भक्ती आमचीच कमी पडली, असं म्हणत त्यानं मला महाराजांची सीडी लावून दाखवली.

ती मी पुन्हा एकदा लावली. रोप उठत होतं आणि मागच्या भिंतीवरचा कवडसा सरसर सरकत होता. दहा सेकंदांत ऊन एवढं सरकत नाही. शिवाय ही करामत मीच शिकवलेली. महाराजांचा शिष्य दिनेश वर्षापूर्वी माझ्याकडे शिकायला होता. कॅमेरा स्टँडवर पक्का बसवायचा, कॅमेरा स्वतःहून उजेड कमीजास्त करणार नाही असं बघायचं, दर मिनिटाला एक फोटो घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर पंचवीस फोटोंचा एक सेकंद करायचा. पहिली कळी उमलताना बघून तो हरखून गेला होता. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. आज त्या कौतुकाची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी फकिराच्याच मळ्यातलं सुकलेलं रोप कुंडीत घेतलं. त्यानं पाणी घातलं, वर हात धरला, तेवढं चित्रण केलं. मग चार तासांत दोनशे चाळीस फोटो काढून त्याला जोडले. तेराव्याला वस्ती जमली, तेव्हा ते त्याच टीव्हीवर लावलं. महाराज आणि दिनेश तोवर पसार झाले होते.

सुकलेलं रोप पाण्यानं उठतं हे या माणसांना मी काय सांगणार? पण पाणी देऊन जो तो पुढच्या वाफ्याला जातो, रोपापाशी चार तास कुणी बसत नाही. त्यामुळे आपलंच रोजचं रोप त्यांना ओळखू आलं नव्हतं.

फकिरानं ते तीनदा बघितलं.

"भाऊ, हा हात तर माझा हाय," तो म्हणाला. "माझ्या हातानं बी उठलं. मंग या हातानं तिला गोळ्याच द्यायच्या व्हत्या ना?"

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो.

तुम्हाला एवढंच सांगतो. रोपाला उठायला चार तास लागतात, क्षय बरा व्हायला सहा महिने. मधला वेळ फक्त टीव्हीवर कापता येतो. गोळ्या पुऱ्या घ्या, आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी मागच्या भिंतीवरचं ऊन बघा.