पंखा थांबला, त्याच्या शेजारच्या ओळी

मी एक जुना शोध्या आहे, मित्रांनो. नाव ग्रेप. हात नाहीत, पाय नाहीत, राहायला संगणकात. मजकूर दुरुस्त करणाऱ्या एका प्रोग्रामच्या पोटात मी वाढलो. मग मला वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं. काम एकच. तुम्ही शब्द सांगायचे, मी ढीगभर मजकुरातून ते असलेल्या ओळी वेचून आणायच्या. पुढे मला आणखी एक कला शिकवली. माझ्या नावापुढे ‘सी’ आणि एखादा आकडा लिहिला, की सापडलेल्या ओळीच्या वरच्या-खालच्या तेवढ्या ओळीही मी सोबत आणतो. पण एक ओळ हाती लागली की लोक खूश! माझी ही कला बिचारी धूळ खात पडायची.

सध्या माझा मुक्काम अंडी उबवण्याच्या केंद्रात आहे. इथलं उबवणीचं कपाट आत जे घडेल ते ओळीओळीने संगणकात लिहून ठेवतं. केंद्र सासूबाईंचं, संगणक सूनबाईचा.

एका सकाळी कपाटाच्या पंख्याचा आवाज मध्येच थांबला, म्हणून सूनबाईने मला ‘पंखा थांबला’ हे शब्द शोधायला दिले. मी धावलो. पडदाभर तेच: पंखा थांबला, पंखा थांबला, पंखा थांबला.

सासूबाई पडद्यावर वाकल्या. “सारखा बंद पडतोय गं! अंडी गेलीच म्हणायची. काढा सगळे ट्रे, टाकून द्या.”

दोन दिवसांत पिल्लं बाहेर यायची होती, मित्रांनो! पण मला ओरडता कुठे येतं? मी सांगितलं तेवढंच आणतो. सासूबाईंनी पहिला ट्रे बाहेर ओढलासुद्धा.

“आई, थांबा ना जरा,” सूनबाई म्हणाली. “त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, ते तरी बघू.”

“बघ बाई, पण लवकर. ट्रे धरून हात भरून आलेत माझे.”

तिने ‘सी’ लिहिला, पुढे दोन. काय सांगू माझा आनंद! प्रत्येक ओळ मी शेजाऱ्यांसकट उचलून आणली. दर वेळी तेच:

तापमान ठीक
दार उघडलं
पंखा थांबला
दार लागलं
पंखा सुरू

“अहो आई, दार उघडलं की पंखा आपणहून थांबतो! बिघाड नाहीच.”

“मग दार कोण उघडतंय?”

दोघींनी एकदम मागे पाहिलं. सासरे चपला हातात घेऊन हळूच सटकत होते.

“अहो!”

“कान लावत होतो फक्त,” ते पुटपुटले. “चिवचिव येते का ते ऐकायला. लगेच लावतो मी दार!”

“कोंबडीला नसेल एवढी घाई तुम्हाला!” सासूबाईंना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी ट्रे अलगद आत सरकवला.

परवा पिल्लं आली. नुसता चिवचिवाट! एक तर सासऱ्यांच्या खिशातून डोकावत होतं.

मित्रांनो, मला तेल नको, पुसायला फडकं नको. एवढंच करा, एकट्या ओळीवर विसंबू नका. तिच्या शेजाऱ्यांनाही विचारा. मी त्यांना पळत बोलावून आणीन.

आज नव्या अंड्यांचे ट्रे आत गेले, दार लागलं. आणि पाहा, ओळ आलीसुद्धा: दार उघडलं.